मारणाऱ्याचा खांदा

सिदाप्पा कोरवीला दोन शिपायांनी काखांत हात घालून आत आणलं, तेव्हा त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तोच ते टेकू देत नव्हता. गुडघे दुमडून, पावलं मागे घेऊन तो त्यांच्या हातांवर लोंबकळत होता. खाटेवर ठेवताना टाच कडेला घासली, तसा त्याच्या घशातून एक चिरका आवाज निघाला आणि त्यानं स्वतःच्याच दंडात दात रोवले.

हुपळगीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळचे दहा वाजले होते. बाहेर लसीकरणाची रांग लागली होती.

"पाठीत उसण भरलीय त्येच्या," हवालदार पाटोळे म्हणाले. "डॉक्टरीणबाई मीटिंगला गेल्यात न्हवं? साहेब म्हणाले, वहिनींकडनंच तपासून आण. कोठडीत ठेवायला हरकत न्हाई, एवढा दाखला पायजे. दुपारी कोर्टात उभा करायचाय."

वहिनी म्हणजे पद्मजा मगदूम. साहेब म्हणजे तिचा नवरा, हुपळगी ठाण्याचे सहायक निरीक्षक अभिनंदन मगदूम.

पद्मजानं दहा वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काढली होती, तीही यंत्रमागांच्या गावात. मागावर बारा तास उभं राहून जखडलेल्या कमरा, आखडलेल्या माना, वर न जाणारे खांदे तिच्या हाताखालून गेले होते. पण कुणीतरी डॉक्टरनं चिठ्ठी लिहून पाठवायचं आणि तिनं व्यायाम शिकवायचा, एवढंच तिचं काम होतं. २०३७ साली सरकारनं नवा अभ्यासक्रम काढला. चाळीस हजार लोकांमागे एक डॉक्टर, आणि दवाखान्यात येणाऱ्या दर चार माणसांतला एक हाडा-स्नायूंचं दुखणं घेऊन येणारा. मग त्याला आधी फिजिओथेरपिस्टनंच का बघू नये? दोन वर्षांचं पदव्युत्तर प्रशिक्षण घ्यायचं. रक्तलघवीच्या तपासण्या सांगायच्या, ठरावीक औषधं लिहायची, कुणाला घरी पाठवायचं आणि कुणाला तातडीनं मोठ्या रुग्णालयात, ते स्वतःच्या सहीनं ठरवायचं. पाठदुखी म्हणून आलेल्या माणसाला खरोखर पाठच दुखते आहे, की आत काही भलतंच चाललं आहे, हे ओळखणं हा त्या अभ्यासक्रमाचा गाभा होता. पद्मजाचं दुसरं वर्ष संपत आलं होतं. परीक्षेला पाच आठवडे उरले होते.

तिनं हातमोजा चढवला.

हा मोजा या प्रशिक्षणाबरोबरच आला होता. पातळ, करडा, मनगटापर्यंतचा. बोटांच्या टोकांना ध्वनिलहरी सोडणारे बारीक स्फटिक होते. बोट शरीरावर दाबलं की ते आतल्या ऊतीला एक सूक्ष्म हिसका देत आणि त्यातून उठलेली लाट किती वेगानं पसरते ते मोजत. ऊती ताठर असेल तर लाट भरभर जाते, मऊ असेल तर रेंगाळते. एवढं तर जुनं तंत्र होतं. नवी होती त्यामागची गणकपद्धती. स्नायू दुखावला की आधी तिथं रक्त साकळतं, मग सूज येते, मग नवे तंतू विणले जातात, शेवटी व्रण घट्ट होतो. प्रत्येक पायरीचा ताठरपणा वेगळा, आणि प्रत्येक पायरीला लागणारा वेळ ठरलेला. लाखभर रुग्णांच्या नोंदींवरून मोजा शिकला होता की ही इजा किती तासांची किंवा किती महिन्यांची आहे, जोर कुठल्या दिशेनं आला आणि तो किती वेळा आला. विणकराचं दुखणं कालचं की चार वर्षांचं, एवढंच कळावं म्हणून ते बनवलं होतं. पण मोजा काही विणकर आणि कैदी असा फरक करत नव्हता.

"काय झालं, सिदाप्पा?"

"पडलो," तो म्हणाला. यंत्रमाग कारखान्यातला जॉबर होता तो, माग दुरुस्त करणारा, वय फार तर तीस. शेतातल्या मोटारींच्या तांब्याच्या तारा चोरल्याच्या संशयावरून त्याला धरलं होतं. बोलताना तो पद्मजाकडे न बघता पाटोळेंकडे बघत होता.

"कुठनं पडलास?"

"पडलो, बाई."

तिनं मांडीवर बोटं ठेवली. शेजारच्या पडद्यावर मांडीचं चित्र उमटू लागलं आणि तिचा हात थबकला. कातडीवर निळसर डाग सोडले तर फारसं काही नव्हतं. आत मात्र पट्टे होते. एकाशेजारी एक, एकावर एक, चार बोटं रुंदीचे. मांड्यांची मागची बाजू, कुल्ले, पोटऱ्या. एक थर चाळीस तासांपूर्वीचा, दुसरा सोळा तासांपूर्वीचा. तळपायांचं चित्र तर एकसंध काळं होतं. एकूण फटक्यांचा आकडा आला : पावणेदोनशेच्या वर.

"लघवी कधी झाली?"

त्यानं पुन्हा पाटोळेंकडे बघितलं. शमा सिस्टरनं भांडं धरलं. कशीबशी दोन चमचे लघवी आली, कोऱ्या चहाच्या रंगाची.

त्या रंगावर पद्मजाच्या वर्गात एक अख्खा दिवस खर्च झाला होता. स्नायू चिरडला गेला की त्यातलं तांबडं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतं. नळ्या तुंबतात. त्याच चिरडल्या स्नायूतून पोटॅशियम सुटतं आणि ते हृदयाला थांबवतं. माणूस वरून बोलतो-चालतो आणि एका दिवसात जातो. तिनं त्याच्या बोटाला सुई टोचली, यंत्राच्या पट्टीवर थेंब घेतला. पोटॅशियम सहा पूर्णांक आठ. ते पाचाच्या आसपास हवं.

"सिस्टर, एकशे आठला फोन लावा. आत्ता. डायलिसिस लागणार म्हणून सांगा. आणि सलाईन जोडा."

"वहिनी," पाटोळे पुढे आले, "दाखला तेवढा..."

"हा कोठडीत जाणार नाही. रुग्णालयात जाणार."

पाटोळेंनी तिच्याकडे बघितलं, पडद्यावरच्या पट्ट्यांकडे बघितलं आणि मोबाईल काढून बाहेर गेले.

सलाईनची सुई टोचून शमा सिस्टर फोनकडे धावली. पद्मजा अहवाल लिहायला बसली. इजेचं वय, पट्ट्याची रुंदी, दिशा. दिशेच्या रकान्यापाशी तिला काहीतरी खटकलं. उजव्या हातानं पट्टा हाणणारा माणूस हात डोक्यावर नेतो, फटका वरून तिरका उतरतो. इथं एकही फटका वरून आलेला नव्हता. सगळे आडवे, खालून वळसा घेऊन आलेले, शेवटी मनगटाचा झटका. असा फटका कोण मारतो? ज्याचा हात खांद्याच्या वर जात नाही तो.

ते तिला कुणी सांगायला नको होतं. तसा खांदा ती दोन वर्षं रोज हाताळत होती.

अभ्यासक्रमात प्रत्येकाला एक जुनाट दुखण्याचा रुग्ण दोन वर्षं सांभाळायचा होता. दर आठवड्याला मोज्यानं तपासून त्याची सरावनोंद ठेवायची. अभिनंदनचा उजवा खांदा अर्धवट फाटलेला होता. "बायकोच्या परीक्षेला नवऱ्याचा खांदा," असं म्हणत त्यानं हसत संमतीपत्रावर सही केली होती. तिचे शहरातले वर्ग असायचे त्या आठवड्यांत मुलीची, सन्मतीची, शाळा, डबा, वेण्या सगळं तोच बघायचा. सासूबाई कुरकुरल्या तेव्हा तो म्हणाला होता, "शिकू दे तिला. माझ्यापेक्षा मोठी साहेब होईल." हे सगळं खरं होतं. आणि दर दोनेक महिन्यांनी खांदा नव्यानं दुखावून यायचा, तेही खरं होतं. व्हॉलीबॉल, असं तो सांगायचा. ती रागवायची, शेक द्यायची, पुन्हा व्यायाम सुरू करायची.

जीप बाहेर थांबली. अभिनंदन आत आला. खाटेकडे न बघता तो शिपायांना म्हणाला, "बाहेर थांबा." दार लावून घेतलं.

"पद्मा, काय चाललंय?"

"मूत्रपिंडं बंद पडतायत त्याची. संध्याकाळपर्यंत मरेल."

"नाटकं असतात ही. पंधरा वर्षं बघतोय मी."

"पोटॅशियम नाटक करत नाही, अहो."

तो जवळ आला. आवाज खाली आणला, घरातल्यासारखा केला. "हे बघ. 'स्नायू आखडलेत, कोठडीत ठेवण्यास योग्य,' एवढं लिही. कोर्टातून रिमांड मिळाला की मी स्वतः नेतो त्याला दवाखान्यात. शब्द देतो."

"तोवर राहणार नाही तो."

"मग कोठडीत गेला असं होईल. तुझ्या टेबलावर गेला असं नाही होणार."

पद्मजानं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. तो सहज बोलला होता. घरातला गॅस संपलाय म्हणावं इतकं सहज.

"तुम्ही मारलंय याला," ती म्हणाली. "स्वतः."

"कोण म्हणतं?"

"तुमचा खांदा म्हणतो."

त्याचा चेहरा हळूहळू बदलला. आधी त्याला कळलं नाही. मग पडद्यावरच्या आडव्या पट्ट्यांवर नजर गेली, तिथून स्वतःच्या उजव्या दंडावर आली, आणि कळलं.

अहवाल तयार होता. फक्त सही राहिली होती, आणि सही म्हणजे काचेवर तिच्या उजव्या तर्जनीचा ठसा. तिनं मोजा उतरवला आणि हात पुढे केला.

त्यानं मनगट पकडलं.

"बोट ठेवायचं नाही."

"सोडा."

"पद्मा, माझी नोकरी जाईल. सन्मतीचं काय? ऐक माझं."

तिनं हात ओढला. त्यानं तिची तर्जनी आणि मधलं बोट मुठीत धरलं आणि मागे वाकवलं. त्याला बोटं कशी वाकवायची ते माहीत होतं, हे तिला त्या क्षणी समजलं. त्याच्या हाताला सराव होता. जरासुद्धा घाई नव्हती. "हात मागे घे म्हणतोय," तो म्हणाला आणि आणखी वाकवलं. सुकी काडी मोडावी तसा आवाज झाला, लगेच दुसरा. पद्मजा किंचाळली. "अभिनंदन, सोड! सोड मला!" नऊ वर्षांत तिनं त्याला अरेतुरे केलं नव्हतं.

सिदाप्पा खाटेवरून उठला. का, ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही. सलाईनची नळी तोडून तो खाली उतरला, फुटलेल्या तळव्यांवर उभा राहिला आणि त्याच क्षणी गुरासारखा हंबरून कोसळला. तरी त्यानं अभिनंदनच्या पायाला मिठी मारली. अभिनंदननं दुसरा पाय उचलला आणि बुटाची टाच त्याच्या मांडीवर हाणली. बरोबर त्या काळ्या पट्ट्यांवर. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा हाणताना तो तोल सावरायला वाकला आणि उजवा खांदा पद्मजाच्या पुढ्यात आला.

हाडाच्या टोकाखाली दीड बोटावर फाटलेला स्नायूबंध कुठं आहे, ते तिला डोळे मिटूनही सापडलं असतं. तिनं डाव्या हाताचं कोपर सगळ्या अंगाच्या वजनानिशी तिथं घातलं. आत काहीतरी तुटल्याचं तिला कोपराला जाणवलं. अभिनंदनचा हात खुंटीवरून सदरा घसरावा तसा खाली पडला. तो गुडघ्यांवर आला. तोंड उघडं, आवाज नाही.

तेवढ्यानं भागलं होतं. तरी तिनं दुसऱ्यांदा कोपर घातलं, त्याच जागी, पहिल्यापेक्षा जोरात. मग तो ओरडला.

दार उघडून पाटोळे आत आले. जमिनीवर साहेब, जमिनीवर कैदी, फरशीवर सलाईन आणि रक्ताचं पाणी.

"धर तिला, पाटोळे," अभिनंदन कसाबसा म्हणाला. "ते यंत्र बंद कर."

पद्मजाची तर्जनी उलटी लोंबत होती. तिनं ती डाव्या हातानं उचलली, जागेवर फिरवताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि काचेवर दाबली. एक क्षण काहीच झालं नाही. बोटावर रक्त होतं. तिनं ते साडीला पुसलं आणि पुन्हा दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली.

"गेला अहवाल," ती म्हणाली.

पाटोळे तसेच उभे होते. बाहेर रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला. पाटोळेंनी एकदा साहेबांकडे बघितलं, मग वाकून सिदाप्पाच्या काखेत हात घातले. "सिस्टर," ते ओरडले, "पाय धरा ह्येचे. तळवं टेकू देऊ नका."

सिदाप्पा जगला. नऊ वेळा डायलिसिस झालं, उजव्या मांडीतला मूठभर स्नायू कापून काढावा लागला, पण सोळाव्या दिवशी त्याला स्वच्छ लघवी झाली आणि वॉर्डातल्या नर्सनी एकमेकींना हाका मारून ते सांगितलं. तांब्याच्या तारा दुसऱ्याच कुणाकडे सापडल्या. अभिनंदन निलंबित झाला. त्यानंही तक्रार दिली की घरगुती भांडणातून बायकोनं हल्ला केला, तिची बोटं त्या झटापटीत मोडली.

पद्मजाच्या दोन बोटांत तारा घातल्या होत्या. सन्मतीला तिनं सांगलीला भावाकडे पाठवलं. "बाबांनी तुझी बोटं मोडली?" पोरीनं फोनवर विचारलं होतं. "हो," पद्मजा म्हणाली होती. "आणि तू बाबांचा हात?" त्यालाही ती हो म्हणाली. पलीकडून फोन बंद झाला.

एका दुपारी डॉक्टर अनुराधा लाटकर घरी आल्या. केंद्राच्या वैद्यकीय अधिकारी त्याच, आणि पद्मजाच्या प्रशिक्षणातल्या मार्गदर्शकही. पद्मजा डाव्या हातानं सरावनोंद उघडून बसली होती. परीक्षेसाठी ती पाठवायची होती.

"मॅडम, हे बघा."

खांद्याच्या दोन वर्षांच्या आलेखात अकरा शिखरं होती. अकरा वेळा तो स्नायू नव्यानं दुखावला होता. प्रत्येक शिखराखाली तारीख आणि मोज्यानं मोजलेले झटके. शेवटचं शिखर तिनं त्या घटनेच्या आदल्या दिवशी सकाळी टिपलं होतं, सिदाप्पाच्या पहिल्या थराच्या वयाशी तंतोतंत जुळणारं.

"आणि हे," पद्मजा म्हणाली. सगळ्यांत उंच शिखर सतरा फेब्रुवारीचं होतं. "त्या दिवशी काय झालं होतं, आठवतं?"

लाटकर बाईंनी चष्मा काढला. सतरा फेब्रुवारीला हुपळगीच्या कोठडीत दशरथ वडर नावाचा खाणकामगार मेला होता. हृदयविकार, असं कागदावर आलं होतं.

"त्या संध्याकाळी मी त्याचा खांदा तासभर शेकला," पद्मजा म्हणाली. "तीन आठवड्यांत हात पुन्हा वर जायला लागला. मी नोंदीत लिहिलं, उत्तम प्रगती. तुम्ही शेरा दिलात, शाबास."

तिनं नोंद मिटली.

"ही नोंद मी पोलिसांना देऊ?"

"नाही," लाटकर बाई म्हणाल्या. "तो तुझा नवरा नंतर, आधी पेशंट. संमती त्यानं शिकण्यासाठी दिली होती, साक्षीसाठी नाही. आज तू आपण होऊन ही नोंद दिलीस, तर उद्या हुपळगीतला एकही माणूस आपल्या अंगाला हात लावू देणार नाही. बाई येईल ती नवऱ्यानं मारलेलं लपवून येईल."

"मग पुसून टाकू?"

"तेही नाही. कोर्टानं विचारलं तर खरं सांगायचं. विचारलं नाही तर गप्प बसायचं. मला ठाऊक आहे, हे काही समाधानाचं उत्तर नाही."

परीक्षेसाठी पद्मजानं नोंद पाठवली नाही. त्या वर्षी ती परीक्षेला बसलीच नाही.

न्यायालयीन चौकशी जिल्ह्याच्या गावी, तरुण बाई दंडाधिकाऱ्यांपुढे चालली. अभिनंदनच्या बाजूनं ॲडव्होकेट इनामदार उभे होते. उंच, मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांनी पद्मजाला दीड तास उभं धरलं.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. फिजिओथेरपिस्ट."

"म्हणजे शेक आणि व्यायाम. आणि मूत्रपिंडाचं निदान करता?"

"त्याचंच प्रशिक्षण घेत होते. म्हणून तर केलं. आणि रुग्णालयानं ते बरोबर ठरवलं."

"ठीक. सिदाप्पाला मार बसला, मान्य करू. कुणी मारलं? गावकऱ्यांनी मारलं असेल. शिपायांनी मारलं असेल. नवऱ्याशी भांडण झालं म्हणून तुम्ही त्यांचं नाव घेता. मारणारा कोण, हे तुमचा मोजा सांगू शकतो का? हो की नाही?"

प्रश्न विचारून ते अर्धे वळलेसुद्धा होते. त्यांना उत्तर ठाऊक होतं.

पद्मजानं कठडा डाव्या हातानं धरला. समोरच्या बाकावर अभिनंदन बसला होता, हात झोळीत. तो तिच्याकडे बघत होता आणि त्यानं अगदी हलकी मान हलवली. नको.

"मार खाल्लेल्याच्या अंगावरून नाही सांगू शकत," ती म्हणाली. "मारणाऱ्याच्या अंगावरून सांगू शकतो."

इनामदार थांबले. दंडाधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे काय? नीट सांगा."

"फटका मारताना मारणाऱ्याचा स्नायूही फाटतो, मॅडम. तोही भरून येतो, त्याचंही वय मोजता येतं. किती फटके मारले, कधी मारले."

"अशी नोंद आहे तुमच्याकडे?"

"आहे."

"कुणाची?"

तिनं नाव सांगितलं. इनामदारांनी हरकत घेतली, आवाज चढवला, संमतीपत्र मागितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि नोंद दाखल करायचा आदेश दिला. शिवाय दुसऱ्या जिल्ह्यातल्या तीन तज्ज्ञांना तो खांदा तपासायला सांगितला.

महिन्याभरानं त्यांचा अहवाल आला. अकराही शिखरांच्या खुणा स्नायूत मिळाल्या. त्या तारखा आणि ठाण्याच्या कोठडीच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. अकरा तारखांना अकरा माणसं आत होती. पाटोळेंनी साक्ष दिली. पण अहवालात आणखी दोन घाव होते, बोथट, समोरून आलेले, आणि इनामदार त्यांच्यावर येऊन थांबले.

"हे दोन कुणाचे?"

"माझे," पद्मजा म्हणाली.

"पहिल्यानं त्यांचा हात निकामी झाला होता ना?"

"हो."

"मग दुसरा कशाला?"

"मारावासा वाटला."

कोर्टात कुजबुज झाली. दंडाधिकारी बाईंनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायला लावले. त्या उत्तरापायी पद्मजावर वेगळा गुन्हा दाखल झाला आणि फिजिओथेरपी परिषदेनं तिचा परवाना सहा महिने थांबवला. लाटकर बाई नंतर म्हणाल्या, "घाबरून मारलं म्हणायचंस." पद्मजा म्हणाली, "पहिला घाबरून मारला होता."

अभिनंदनवर दशरथ वडरच्या खुनाचा खटला चालवायचा आदेश झाला त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात तो तिच्या समोर आला. दोन शिपाई बरोबर होते, दोघंही कधीकाळी त्याच्या हाताखालचे. ते जरा मागे थांबले.

तो वाळला होता. "दोन वर्षं रोज खांद्यावर हात ठेवत होतीस," तो म्हणाला. "मला वाटायचं, माया आहे. तू मोजत होतीस मला."

"बरा करत होते तुला."

"छान बरं केलंस."

"दर वेळी बरा करून परत ठाण्यात पाठवला," ती म्हणाली. "माझ्याच हातानं. वडरनंतर सिदाप्पापर्यंत चार माणसं झाली. त्या चौघांपर्यंत तुझा हात मी पोचवला. मी तेव्हा हात आखडता घ्यायला हवा होता, तुला नुसतं विचारायला हवं होतं की कसलं व्हॉलीबॉल, कुठं खेळतोस, कुणाबरोबर? नाही विचारलं. आलेख सुधारत होता म्हणून खूश होते."

अभिनंदननं शिपायांकडे बघितलं आणि स्वतःच जिन्याकडे चालू लागला.

व्हरांड्याच्या टोकाला एक बाई उभी होती. काळी, काटक, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोटो. सिदाप्पाची बातमी आल्यापासून ती प्रत्येक तारखेला येऊन बाहेर बसायची, हे पद्मजानं बघितलं होतं. जवळ जायचं धाडस झालं नव्हतं. आता तीच पुढे आली.

"मी यल्लव्वा. दशरथची बायको."

"ठाऊक आहे मला," पद्मजा म्हणाली.

"मला सांगितलं हुतं, झोपेत गेला. छातीत कळ आली आन् गेला. आत ते वकील काय काय बोललं, मला समजलं न्हाई. तुमच्या त्या यंत्रात दिसतंय म्हनं समदं." तिनं पिशवी छातीशी धरली. "किती येळ मारलं त्येला?"

सभोवार वकील, पक्षकार, चहावाले ये-जा करत होते. पद्मजाच्या मनात दहा उत्तरं येऊन गेली. नक्की सांगता येत नाही. यंत्राचा अंदाज असतो. तुम्हाला त्रास होईल, जाऊ द्या. प्रशिक्षणात एक पाठ होता, वाईट बातमी कशी सांगावी याचा. आधी विचारावं, समोरच्याला किती ऐकायचं आहे. उभ्याउभ्या सांगू नये. डोळे चुकवू नयेत. आकडा असेल तर आकडा सांगावा, गोल बोलू नये.

"सगळं ऐकायचंय तुम्हाला?"

"व्हय."

पद्मजानं तिला भिंतीकडच्या बाकावर बसवलं आणि शेजारी बसली, तिच्याकडे तोंड करून.

"दोनदा मारलं," ती म्हणाली. "दुपारी चाळीस मिनिटं. मग मध्ये दोन तास गेले. आणि नंतर पुन्हा, तासाभराच्या वर. दुसऱ्या वेळचे शेवटचे फटके हळू आहेत. तोवर मारणाऱ्याचा हात थकला होता."

यल्लव्वानं डोळे मिटले नाहीत. ओठ हलवून तिनं ते मनाशी मोजलं. चाळीस मिनिटं, दोन तास, तासाच्या वर.

"म्हंजे दिवस मावळंपर्यंत जित्ता हुता," ती म्हणाली. "मी पाच वाजता डबा घिऊन दारात उभी हुते. त्यांनी आत सोडलं न्हाई. म्हनलं, झोपलाय."

पद्मजानं तारा घातलेला हात पुढे केला. यल्लव्वानं तो बघितला, घेतला नाही. "ह्ये बी लिवून घ्या म्हनते त्यास्नी," म्हणत पिशवी उचलून ती उठली, पदर खोचला आणि सरळ आत निघाली, दंडाधिकाऱ्यांच्या दालनाकडे, दारातल्या शिपायाला बाजूला सारत.